तेलाची वाट

३ जून २०२०च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं आणि आमच्या दापोली तालुक्यातल्या वाड्या संध्याकाळपर्यंत आडव्या झाल्या. पोफळी कमरेतून मोडल्या, माड मुळासकट उपटले, घरामागचा रायवळ आंबा पडवीच्या कौलांवर येऊन टेकला. वीज गेली, फोन गेले, रस्ते झाडांखाली गेले. दुसऱ्या दिवशी पाऊस जरा उघडला तेव्हा गावात एकच आवाज उरला होता, लाकूड कापायच्या मशीनचा. आमच्याकडे त्याला कटर म्हणतात. गावात असे मोजके कटर होते आणि त्यातला एक बाबांचा होता.

त्या आठवड्यात बाबांनी सकाळी मशीन उचललं की ते अंधार पडेपर्यंत खाली ठेवलं नाही. आधी रस्ता, मग शेजारच्या म्हातारीच्या दारातला माड, मग शाळेची वाट, सगळ्यात शेवटी आपला आंबा. लॉकडाऊनमुळे दुकानं बंद होती. चेनला घालायचं तेल तिसऱ्या दिवशी संपलं. बाबांनी मोटरसायकलचं काढून ठेवलेलं काळं ऑइल टाकीत ओतलं आणि काम चालू ठेवलं. पाचव्या दिवशी कापताना लाकडातून धूर येऊ लागला. बार, म्हणजे ज्या लांब पोलादी पट्टीभोवती चेन फिरते ती, टोकाकडे निळी पडली. चेन सैल होऊन लोंबू लागली. बाबांनी ती ताणली, पुन्हा कापलं. ती पुन्हा सैल झाली.

वादळ सरल्यावर त्यांनी नवा बार आणि नवी चेन आणली. तरीही मशीन तसंच राहिलं. दहा मिनिटं चालायचं, मग धूर. तालुक्याबाहेरच्या एका मोठ्या दुकानात दाखवलं तर उत्तर मिळालं की पंप गेलाय, मशीन जुनं आहे, भंगारात द्या. बाबांनी ते भंगारात दिलं नाही, गोणपाटात गुंडाळून पडवीच्या माळ्यावर ठेवलं. पुढे बाबा गेले आणि मशीन तिथेच राहिलं.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी ते खाली उतरवलं आणि दापोली-हर्णै रस्त्यालगतच्या एका गॅरेजात घेऊन गेले. तिथले मिस्त्री बाबांच्या ओळखीचे, मी त्यांना मामा म्हणते. पुढचे चार दिवस मी त्यांच्या गॅरेजात स्टुलावर बसून काढले. तेल कुठून कुठे जातं, कुठे अडतं आणि कशाने अडतं, हे तिथे मला डोळ्यांनी दिसलं. कोकणात पुढचं वादळ येणार, हे आता कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते आलंच होतं. तेव्हा माळ्यावर पडलेली अशी मशीनं पुन्हा चालती असायला हवीत. हा लेख त्यासाठी आहे.

परत न येणारं तेल

मोटरसायकलच्या इंजिनातलं तेल आत फिरत राहतं. घाण झालं की काढतो आणि नवं भरतो. कटरच्या चेनचं तेल तसं नसतं. ते टाकीतून निघतं, पंपातून बारवर येतं, चेनबरोबर टोकापर्यंत जातं आणि भुशात, लाकडात, मातीत पडतं. एकदा बाहेर गेलेला थेंब परत येत नाही. म्हणून या मशीनला दोन टाक्या असतात, एक पेट्रोलची आणि एक तेलाची. दोन्हींची मापं अशी बेतलेली असतात की पेट्रोल आधी संपावं आणि तेव्हा तेल थोडं शिल्लक असावं. पेट्रोल भरायला थांबलात की तेलही भरायचं. साधारण हिशोब लिटरभर पेट्रोलमागे अर्धा लिटर तेलाचा. पेट्रोल संपलं आणि तेलाची टाकी मात्र जवळपास भरलेलीच आहे, तर ती काटकसर समजू नये. तेल पुढे जात नाही, एवढाच त्याचा अर्थ.

चेनला इतकं तेल का लागतं? चेनच्या पोटाला खाली दात असतात आणि ते बारच्या कडेच्या खाचेतून पळतात. मधे बेअरिंग नाही, रबर नाही. पोलादावर पोलाद घासत असतं. मध्यम आकाराचं मशीन पूर्ण रेसवर असताना चेन सेकंदाला वीस-बावीस मीटर पळते. ताशी धरलं तर हा वेग सत्तर-ऐंशी किलोमीटर होतो. या सगळ्या घासण्यात मधे असतो तो फक्त तेलाचा पातळ पदर. पंप तरी किती तेल देतो? मशीनच्या आकाराप्रमाणे मिनिटाला साधारण ५ ते २० मिलिलिटर, म्हणजे एक ते चार लहान चमचे. हे चार चमचे थांबले की चेन तापते, तापली की लांबते, लांबली की सैल होते आणि सैल चेन बारवरून उतरते. ती उतरते तेव्हा मागचं हँडल धरलेला हात तिच्यापासून फार लांब नसतो. म्हणून तेल न येणं हा मशीन चालवणाऱ्या माणसाच्या हातापायांचा प्रश्न आहे.

या यंत्राचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली जर्मनीत श्टुटगार्टला कारखाना काढला. त्यांची पहिली विजेवरची करवत ४८ किलोची होती आणि ती चालवायला दोन माणसं लागत. १९४६ साली अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणारी एक अळी नीट पाहिली. ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कुरतडत जाते. त्यावरून त्याने चेनचे आळीपाळीने वळलेले दात घडवले. आजची चेन त्याच वंशातली आहे. यंत्र हलकं झालं, एका माणसाच्या हातात आलं आणि वेग वाढला. वेगाबरोबर तेलाची गरज वाढली. आधीच्या मशीनवर तेलासाठी अंगठ्याने दाबायचं बटण असे. कापता कापता मधूनमधून ते दाबायचं. पुढे पंप आपोआप चालू लागला आणि तेलाकडे बघायची माणसाची सवय गेली.

पंपाला शेवटी हात

"पंपाला शेवटी हात लावायचा, बाय. आधी तेलाची वाट चालून बघायची," मामा पहिल्या दिवशी म्हणाले. पुढचं सगळं काम त्या एका वाक्यात होतं.

त्यांनी टाकीत नवं बार ऑइल भरलं, मशीन सुरू केलं आणि बारचं टोक एका पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर वीतभर अंतरावर, जमिनीला न लावता धरलं. अर्धी रेस दिली. तेल नीट येत असेल तर पंधरा-वीस सेकंदांत पुठ्ठ्यावर बारीक शिंतोड्यांची रेघ उमटते. आमचा पुठ्ठा कोरडा राहिला.

मशीन बंद करून प्लगची वायर काढली, कव्हर उघडलं, बार आणि चेन उतरवली. आत नारळाच्या खोडाचे धागे, आंब्याच्या चिकाने घट्ट झालेला भुसा आणि समुद्राकडची बारीक वाळू यांचा लगदा बसला होता. माडाचं खोड कापताना ढलप्या पडत नाहीत, दोरे निघतात आणि ते कव्हरखाली गुंडाळले जातात. मामांनी तो लगदा खरवडून काढला. बारची खाच पातळ पत्र्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढून साफ केली. बारच्या बुडाशी दोन्ही अंगांना एकेक लहान भोक असतं. मशीनमधून येणारं तेल तिथून खाचेत शिरतं. त्यात तार घालून पाहिली. खाच मोकळी, भोक मोकळं. "दहातली बरीच मशीनं इथंच बरी होतात. हे नाय झालं," ते म्हणाले.

मग बार न लावता मशीन चालवून पाहिलं. इथे एक इशारा त्यांनी दोनदा दिला: क्लचवरचा ड्रम जागेवर नसेल तर मशीन कधीही सुरू करायचं नाही, क्लचचे लोखंडी तुकडे बाहेर फेकले जातात. काही मशीनमध्ये पंप इंजिनाच्या दांड्यावर चालतो, तिथे इंजिन नुसतं स्लोवर असलं तरी तेल येतं. आमच्या मशीनसारख्या मशीनमध्ये पंप ड्रमबरोबर फिरतो, म्हणून ब्रेक सोडून ड्रम फिरवावाच लागतो. बारमागच्या जागी मशीनच्या अंगावर जी चीर असते तिथून तेल यायला हवं होतं. आलं, पण कासवाच्या पावलाने. एक थेंब, मग बराच वेळ काही नाही, मग बुडबुडा.

"बुडबुडा बघितलास? पंप हवा ओढतोय," मामा म्हणाले.

त्यांनी आधी तेलाच्या टाकीचं झाकण सैल केलं. टाकीतून तेल जातं तेवढी हवा आत यावी लागते, त्यासाठी एक बारीक झडप असते. ती चोंदली की टाकीत पोकळी तयार होते. मग मशीन पहिली पाच मिनिटं तेल देतं आणि नंतर थांबतं. झाकण उघडताना सुस्कारा ऐकू आला आणि लगेच तेल वाहू लागलं, तर दोष झडपेचा. त्याच दिवशी गॅरेजात आलेल्या दुसऱ्या एका मशीनचा आजार नेमका हाच निघाला आणि ते अर्ध्या तासात बरं होऊन गेलं. आमच्या मशीनने सुस्कारा टाकला नाही.

मग वाकवलेल्या तारेच्या आकड्याने टाकीतली नळी बाहेर ओढली. नळीच्या टोकाला वजनदार जाळी असते. मशीन कसंही कलतं केलं तरी ती तेलाच्या तळाशी बुडून राहते. आमची जाळी काळ्या खरवसासारख्या थराने लिंपलेली होती. पाच वर्षांपूर्वीचं ते मोटरसायकलचं ऑइल. त्यातली काजळी आणि धातूची पूड जाळीवर बसून घट्ट झाली होती. नळी बोटांत दाबली तर ती लवली नाही, पंपाला जोडते त्या गळ्याशी चिरली होती. पंप तेलाऐवजी हवा ओढत होता तो याच चिरेतून. जुन्या मशीनमध्ये रबर आणि प्लास्टिक आधी म्हातारं होतं, पोलाद नंतर.

करंगळीएवढा पंप

जाळी आणि नळी बदलली असती तर भागलंही असतं. पण दुकानदाराने पंपावर ठपका ठेवला होता, म्हणून मामांनी तोही उघडून दाखवला. पंप क्लचच्या मागे असतो आणि क्लच काढायचा तर इंजिन फिरू न देता धरावं लागतं. काही जण प्लगच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर खुपसतात आणि पिस्टनला भोक पाडून घेतात. मामांनी तिथे सुती दोरी सरकवली. पिस्टन वर येऊन त्या दोरीच्या गादीवर टेकला आणि इंजिन थांबलं. मग क्लच घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून सोडवला. बहुतेक मशीनमध्ये क्लचचे आटे उलटे असतात. हे माहीत नसलेला माणूस सोडवायच्या नादात तो आणखी आवळत जातो.

ड्रममागून एक आट्यांचा गिअर निघाला. तो फिरतो तेव्हा त्याचे आटे पंपाच्या दात्यांत अडकून पंप फिरवतात. पुष्कळ मशीनमध्ये हा गिअर प्लास्टिकचा असतो. तेल गोठून पंप अडला की आधी याचे आटे सोलले जातात, त्यामुळे महागाचा पंप वाचतो. आमचा गिअर शाबूत होता.

पंप करंगळीच्या दोन पेरांएवढा. आत एक पोलादी प्लंजर. गिअरमुळे तो स्वतःभोवती फिरतो, पण त्याचं एक टोक तिरपं कापलेलं असतं आणि त्या तिरप्या अंगाला एक पिन टेकलेली असते. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात तो केसभर पुढे जातो आणि मागे येतो. प्लंजरचा एक गाल सपाट घासलेला असतो. मागे येताना तो गाल टाकीकडच्या भोकासमोर येतो आणि तेल आत शिरतं. पुढे जाताना तोच गाल बारकडच्या भोकासमोर येतो आणि तेल बाहेर ढकललं जातं. वेगळी झडप नाही, स्प्रिंगचा पडदा नाही. एकच तुकडा फिरतो, सरकतो आणि दारंही उघडतो-मिटतो. मी तो तळहातावर घेऊन कितीतरी वेळ पाहत राहिले. ज्या पंपाला गेला म्हणून सांगितलं होतं, तो नव्यासारखा होता.

त्याच्या बाजूला तेल कमी-जास्त करायचा स्क्रू होता. प्लंजर किती सरकावा हे तो ठरवतो. मामांनी त्यात स्क्रू ड्रायव्हर घातला आणि ते थांबले. स्क्रू शेवटपर्यंत, जास्तीत जास्त तेलावर फिरवलेला होता आणि त्याची खाच पुन्हा पुन्हा फिरवून झिजली होती. "हे तुझ्या बाबांनी केलंन," ते म्हणाले. पाचव्या दिवशी, धूर येत असताना, बाबांनी तो स्क्रू फिरवून फिरवून तेल मागितलं होतं आणि तेल पलीकडे जाळीपाशी अडलं होतं. त्या झिजलेल्या खाचेवर मी बोट ठेवलं. बाबा असे काम करायचे. मशीनकडून शेवटच्या थेंबापर्यंत मागायचे आणि स्वतःकडूनही.

सगळं रॉकेलने धुऊन, ड्रममधल्या बेअरिंगला ग्रीस लावून, नवी नळी आणि जाळी घालून मशीन जोडलं. स्क्रू मध्यावर आणला. बार न लावता चालवलं तर मशीनच्या चिरेतून तेलाची सलग धार आली. मामा हसले. बार आणि चेन लावली, पुठ्ठ्यासमोर धरलं, रेस दिली.

पुठ्ठा कोरडा.

गव्हाच्या दाण्याएवढं अंतर

मशीन बाकावर ठेवलं तर खालचं लाकूड तेलाने भिजलं. पंप तेल देत होता आणि बार कोरडा होता. म्हणजे दोघांच्या मधे तेल वाट सोडून खाली जात होतं. खाली गळणारं तेल आणि वर कोरडी चेन या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण पुष्कळदा तो एकच दोष असतो.

मामांनी आमचा जुना, निळा पडलेला बार मागवला. तो पडवीत होता, मी संध्याकाळी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जुना बार नव्यावर ठेवला आणि उजेडाकडे धरला. बोल्टाची खाच बरोबर, लांबी बरोबर, चेनही बसते. फक्त तेलाचं भोक गव्हाच्या दाण्याएवढं सरकलेलं. मशीनच्या चिरेतलं तेल बारच्या कोऱ्या पोलादावर येऊन आदळत होतं आणि खाली ओघळत होतं. वादळानंतर घाईने घेतलेला बार दिसायला सारखा होता, आपल्या मशीनचा नव्हता. निम्मा आजार जाळीत होता आणि निम्मा या दाण्याएवढ्या अंतरात. पंपात काहीच नव्हतं.

"भोक नवीन पाडूया?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. बार कडक पोलादाचा असतो, आणि जो इथे चुकला तो खाचेच्या रुंदीतही चुकू शकतो. बारच्या बुडाशी कोरलेल्या आकड्यांवरून त्यांनी योग्य बार मागवला. तो चौथ्या दिवशी आला.

वाट बघताना त्यांनी कोपऱ्यातलं आणखी जुनं एक मशीन दाखवलं. त्यात गिअर नव्हता. इंजिनाच्या पोटात पिस्टनच्या प्रत्येक हालचालीबरोबर दाब कमी-जास्त होतो, आणि त्या धडधडीवर रबराचा पडदा हलून तेल ढकलतो. असल्या मशीनचा पडदा फाटला की तेल उलट इंजिनात शिरतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर सुटतो. लोक पेट्रोलमधलं ऑइल जास्त झालं असं समजून मिश्रण बदलत बसतात. जुन्या मशीनमध्ये धूर कुठून निघतो हे आधी बघावं, बारपाशी की सायलेन्सरपाशी. त्यावरून कुठला भाग उघडायचा ते ठरतं.

आणि एक गोष्ट तेलाची नसून तेलाची वाटते. चेन बोथट असेल तर ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडतो, तो खाच भरतो आणि चेन तापते. दोष तेलावर जातो, उपाय असतो गोल कानसेत. मामा प्रत्येक मशीनची चेन आधी नखावर घासून बघतात, मग तेलाचं विचारतात.

मातीत काय पडतं

चौथ्या दिवशी आम्ही तेलाबद्दल बोललो. वाडीवाले घरी असेल ते वापरतात, कारण बार ऑइल महाग आणि लांब मिळतं. काळं ऑइल तर फुकट असतं. पण त्याने जाळीचं काय होतं ते मी पाहिलं होतं. शिवाय इंजिनात जळलेल्या तेलात जे साठतं ते कातडीला आणि पाण्याला विषारी असतं. चेन ते तेल वाफेसारखं उडवते. ते कापणाऱ्याच्या हातावर, तोंडावर बसतं आणि उरलेलं विहिरीकाठच्या मातीत जातं.

काही जण खोबरेल तेल घालतात. ते विषारी नाही, पण २४-२५ अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबरातल्या पहाटे बाटलीत गोठलेलं खोबरेल आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तेच पंपात गोठलं की प्लास्टिकच्या गिअरचे आटे सोलले जातात. इतर खाद्यतेलांचा त्रास वेगळा. काम संपवून मशीन महिनोन् महिने ठेवलं की ती हवेने घट्ट होऊन राळेसारखी चिकटतात. बार ऑइलमध्ये तार धरणारा घटक मिसळलेला असतो. बोटाला लावून ओढलं तर धागा निघतो. त्यामुळे ते टोकाच्या वळणावर सगळं उडून जात नाही. वनस्पतिजन्य बार ऑइलही मिळतं. ऑस्ट्रियाने तर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच चेनसाठी खनिज तेल वापरायला बंदी केली. अडचणीच्या वेळी बार ऑइल मिळालं नाही तर नवं, न वापरलेलं इंजिन ऑइल तात्पुरतं चालतं. जळलेलं कधीच नाही.

मला वाटतं, बाबांना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. त्या आठवड्यात सांगायला कुणी नव्हतं आणि झाडाखाली रस्ता होता. म्हणून हे आता, वादळ नसताना, लिहून ठेवते आहे. ज्यांच्या घरी जुनं मशीन आहे त्यांनी पावसाळ्याआधी एक सकाळ त्याला द्यावी. टाकी धुवावी, जाळी पाहावी, नळी दाबून पाहावी, बारचं भोक आणि मशीनची चीर समोरासमोर येतात का ते उजेडात बघावं. बार दर वेळी उलटा करून बसवावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. आणि लिटरभर चांगलं तेल घरात असू द्यावं.

मशीन घेऊन मी घरी आले. वादळानंतरच्या त्याच पावसाळ्यात बाबांनी मोडलेल्या पोफळींच्या जागी रोपं लावली होती. ती आता माझ्या डोक्यावर गेली आहेत, काहींना पहिली सुपारी धरली आहे. एक वठलेला माड त्यांच्यात कलला होता, तो काढायचा होता. मी मशीन सुरू केलं, टोक पुठ्ठ्यासमोर धरलं आणि मोजू लागले. दहा म्हणायच्या आत पुठ्ठ्यावर पिवळट शिंतोडे उमटले आणि त्यांची रेघ झाली. चेनवरून उडालेले काही थेंब जवळच्या पोफळीच्या बुंध्याशी, ओल्या मातीत पडले. ते मातीत मुरेपर्यंत मी पाहत राहिले. मग माडाकडे वळले.